तेवीस मिनिटांचा फोन

सोमवार, ४ मार्च
एक पोरगी आणून बसवली आहे माझ्या उरावर! बंद पडलेल्या लिफ्टच्या तक्रारींचे फोन एकोणीस वर्षं घेतले, आता म्हणे ते काम कॉम्प्युटर आपोआप करणार. त्याआधी 'कामाचा अभ्यास' — म्हणजे ही बया शेजारी खुर्ची टाकून, वही आणि स्टॉपवॉच घेऊन. फोन उचलला, नोंद केली, मेकॅनिकला पिटाळलं — सगळ्याचे चौकोन आणि बाण! मी शिंकले तेही लिहिलं असेल मेलीनं.

घरी ह्यांना सांगितलं. कारखाना बंद झाल्यापासून घर माझ्याच पगारावर चाललंय. "तिला अर्धंच सांग," म्हणाले. "सगळं कळलं की तुला नारळ."

मंगळवार, ५ मार्च
तोंडाला कुलूप.

गुरुवार, ७ मार्च
पकडलंच तिनं! "काकू, नोंदीला दोन मिनिटं लागतात. मग काही फोन तेवीस-तेवीस मिनिटं का चालतात?" तेवढ्या चौकोनाला लाल रंग.

मी म्हटलं, बडबडी आहे मी, लिही तसं. आणि डबा खायला उठून गेले.

नाही लिहिलं तिनं. "कारण कळल्याशिवाय मी काही खोडत नाही," म्हणाली. चिडायलाही जागा ठेवली नाही कार्टीनं.

शुक्रवार, ८ मार्च
दुपारी एक आजोबा दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. मेकॅनिक निघाला. मी फोन ठेवला नाही — ठेवतच नाही. नातवंडं किती, सकाळी काय खाल्लं, दाराला हात लावू नका हं, बरं, मग पुढे? चोवीस मिनिटं! पलीकडून मेकॅनिकचा आवाज आला तेव्हा सोडलं त्यांना. पोरगी स्टॉपवॉच दाबायला विसरली होती.

मग मी बोलून गेले. नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक जण अडकला होता. नोंद करून मी फोन ठेवला. नियमच तो. त्याला धीर धरवला नाही. दार उचकटून उडी मारायला गेला, पाय गेला कायमचा. तेव्हापासून नाही ठेवत. कुठल्याच कागदावर नाही हे. साहेबांनाही ठाऊक नाही.

रडले तिच्यासमोर. एवढी मोठी बाई मी! आणि आता सगळंच सांगून बसले.

शनिवार, ९ मार्च
रात्री ह्यांनाही सांगून टाकलं. सकाळी माझ्या आधी उठून ह्यांनी चहा केला.

गुरुवार, १४ मार्च
साहेबांच्या केबिनमध्ये तिनं भलामोठा कागद पसरला. नोंद — कॉम्प्युटर. जवळचा मेकॅनिक शोधणं — कॉम्प्युटर. निरोप — कॉम्प्युटर. माझा जीव खालीवर. मग त्या लाल चौकोनावर बोट ठेवलं. "हे माणसानंच करायचं काम आहे. आणि एकटीचं नाही. काकू एकाशी बोलतात तोवर बाकीचे फोन ताटकळतात."

साहेब म्हणाले, "हं." त्यांच्या 'हं'चा अर्थ एकोणीस वर्षांत मला लागलेला नाही. पण पोरगी वाघीण आहे हो! उगीचच बरं वाटतंय आज.

सोमवार, २५ मार्च
माझं पद रद्द. कागद हातात आहे, सही-शिक्क्यानिशी.

त्याला दुसरा कागद जोडलाय. नवा विभाग — 'अडकलेल्यांची सोबत'. माणसं तीन. प्रमुख — मी!