हॅझलमीडच्या उत्तरेकडच्या भिंतीसाठी लिहून ठेवलेलं

मी, सुप्रभा अंबरीश बिवलकर, वय वर्षं त्र्याहत्तर, निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहणार हॅझलमीड, ब्रॅकनेलजवळ, इंग्लंड, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझा रक्तदाब वाढलेला आहे आणि बुद्धी जागेवर आहे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी लेखी दिल्या आहेत. याआधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं आहे. ते करताना सॉलिसिटरने त्यातला राग काढून टाकला. म्हणून अर्थाबद्दल वाद झालाच तर हे मराठी खरं धरावं.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी सून देविका हिने करावी. मुलगा यशोधन याने करू नये. कारण पुढे येईल, ते त्याने बसून वाचावं.

२. माझी सगळी शिल्लक रक्कम सेंट एडिथ चर्चची उत्तरेकडची भिंत पुन्हा बांधण्यासाठी द्यावी. हिंदू बाईचा चर्चशी काय संबंध, असं विचारणाऱ्यांसाठी लिहिते. आम्ही या गावात आलो त्या वर्षी पावसात अडकून मी आणि अंबरीश त्या चर्चमध्ये शिरलो. समोरच्या, म्हणजे याच उत्तरेकडच्या भिंतीवर जुनं, पुसट चित्र होतं. एक दांडगा माणूस खांद्यावर मूल घेऊन नदी ओलांडतोय, पायांशी मासे. तो त्यांचा संत ख्रिस्तोफर. अंबरीश आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देणारा, देवळात न जाणारा माणूस. तो एकदम म्हणाला, "अगं, हा तर वसुदेव!" आणि तिथल्या बाकावर बसून राहिला. पुढे एकवीस वर्षं, तो जाईपर्यंत, आम्ही दर रविवारी दुपारी प्रार्थना संपल्यावर तिथे जात होतो.

ती भिंत गारगोटीची आणि चुन्याची. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, म्हणून ती उभी होती. २०११ साली चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चच्या इमारतीची देखभाल पाहणारे, मि. रोलँड पिअर्स यांनी बाहेरच्या बाजूच्या दगडांमधल्या सगळ्या दरजा खरवडून सिमेंटने भरून घेतल्या. स्वस्तात झालं म्हणून त्यांनी शेरी पाजली. पाणी भिंतीत कोंडलं, थंडीत गोठलं, भिंतीला पोट सुटलं. मी ओळंबा लावून पाहिलं आणि त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "सुप्रभा, ही भिंत आठशे वर्षं उभी आहे."

मी म्हणाले, "चुन्यात उभी आहे. सिमेंटला अजून पाच वर्षंही झाली नाहीत."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. ते थोपटणं मी विसरलेले नाही.

गेल्या फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, भिंत पडली. फुलं सजवणाऱ्या बायका दहा मिनिटं उशिरा आल्या म्हणून जिवंत आहेत. दरवाज्यावरची करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीची कमान वाचली. वसुदेव गेला.

अट: भिंत फक्त चुन्यात बांधावी. सिमेंटची एक गोणी जरी आवारात दिसली, तरी सगळी रक्कम गाढवांच्या अनाथाश्रमाला जावी.

३. राहतं घर एकट्या देविकाला. भिंत पडल्यावर हॉलमध्ये गावाची सभा झाली. मि. पिअर्स उभे राहून म्हणाले, हे कोणालाही आधी कळणं शक्य नव्हतं. मी उठले. यशोधनने माझी बाही ओढली.

"आई, प्लीज, खाली बस. आपलं चर्च नाही ते. लोक बघतायत."

या देशातला माझा चाळीस वर्षांचा अनुभव आणि माझा मुलगा, दोघांनीही मला खाली बसवलं. तेव्हा देविका उठली. तिने माझी फाइल उघडून मी मि. पिअर्स यांना लिहिलेली पत्रं तारखेसकट वाचली आणि शेवटी मि. पिअर्स यांच्या सहीची पोच वाचली. पुढच्या आठवड्यात त्यांनी पद सोडलं. कारण दिलं तब्येतीचं. माफी कोणीच मागितली नाही, ना त्यांनी, ना माझ्या मुलाने.

यशोधनला त्याच्या वडिलांचं घड्याळ आणि माझा मराठी शब्दकोश द्यावा. 'आपलं' या शब्दाचा अर्थ त्याने त्यात पाहावा.

४. ओळंबा, थाप्या आणि भेगा मोजायच्या पट्ट्या बेथ हार्ग्रीव्ह हिला. ती दगडकाम करते. पडलेल्या ढिगातून आम्ही दोघींनी एप्रिलभर गिलाव्याचे तुकडे वेचले आणि पावाच्या ट्रेमध्ये मांडले. चित्रातल्या मुलाचा चेहरा सापडला नाही. एक मासा अख्खा मिळाला. तो तिने नव्या भिंतीत बसवू नये, काचेखाली ठेवावा. नवी भिंत नवीच दिसू दे, म्हणजे लोक विचारतील जुनीचं काय झालं.

५. माझे अंत्यसंस्कार स्लाऊच्या शवदाहगृहात, साधे. चर्चमध्ये स्मृतिसभा ठेवू नये. माझ्या नावाचं बाक तर नकोच.

६. मि. पिअर्स यांना मी लिहिलेल्या सात पत्रांच्या प्रती, रजिस्टर पोस्टाने. परवा ती पत्रं मी पुन्हा वाचली आणि रात्री जेवले नाही. पहिल्या पत्रात लिहिलंय, "भिंत कदाचित धोकादायक असावी." सातव्यातही तेच, "कदाचित". आकडे माझ्याकडे होते. मला खात्री होती. परदेशी बाईने फार ठाम बोलू नये, हे मला कोणी सांगितलंही नव्हतं. ते माझं मीच शिकले होते. प्रतींमधला प्रत्येक 'कदाचित' मी तांबड्या शाईने खोडला आहे. एकूण अकरा निघाले. प्रत्येक खोडलेल्या जागी माझी सही आहे.

सही: सुप्रभा अंबरीश बिवलकर

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, आम्ही एकत्र हजर असताना त्यांनी सही केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार: सुश्रुत राजाध्यक्ष, निवृत्त फार्मासिस्ट, स्लाऊ
साक्षीदार: आश्लेषा चित्रे, शिक्षिका, ब्रॅकनेल

स्थळ: हॅझलमीड
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५