पाच नंबरची पुडी

९ जानेवारी

चि. ठमीस,

अ. आ. वि. वि. तुझं नव्या वर्षाचं दोन ओळींचं कार्ड पोचलं. त्यातली एक ओळ पत्त्याची होती, तरी बरं वाटलं.

कामाचं लिहितो. कंपनीतून निवृत्त झालेल्यांना महिन्याला चहाचा एक डबा मिळायचा, तो नव्या साहेबांनी बंद केला. ज्या माणसाने चहा पारखायच्या नोकरीत चाळीस वर्षं रोज दोनशे कप चाखून थुंकले, त्याच्या घरात आता दोऱ्याला लटकणाऱ्या पिशव्यांचा चहा होतो. तो मुलगी आणते. गरम आणि तपकिरी असलं की चहा झाला, असं तिचं मत. इथल्या दुकानांत सुटा चहा म्हणून एकतर भुसा मिळतो, नाहीतर नक्षीदार पेटीतला महागडा माल. त्याची किंमत विचारली की दुकानदार आधी आपल्या चपलांकडे बघतो. माझं पेन्शन डॉक्टर आणि औषधवाला आपसांत वाटून घेतात. उरतं त्यात बसेल असा पानांचा, चवीचा चहा तुझ्याकडच्या जुन्या बाजारात अजून असेल. तू चहावाल्याची बायको, आपल्या घरात तुझ्याइतकी पारख कोणाला आहे? थोड्या थोड्या पुड्या पाठव. मी निकाल कळवतो.

घरी सगळे ठीक. पत्राची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यावर लोभ ठेव.

दादा

२२ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. 'चहावाल्याची बायको' हे शब्द तुझ्या पेनातून उतरलेले बघून चष्मा पुसून पुन्हा वाचले. तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. बावीस वर्षांपूर्वी ह्यांनी स्वतः जमवलेलं मिश्रण तुमच्या कंपनीकडे पाठवलं होतं. ते पसंत पडलं असतं तर कंपनी आमचा माल घेणार होती. तुझ्या टेबलावरून एका शब्दाचा निकाल आला : 'सपक'. तो शब्द आठ दिवसांत अख्ख्या बाजारात फिरला. वर्षाच्या आत दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या आणि हे गोदामाच्या वजनकाट्यावर कारकून झाले. मी शाळेच्या ऑफिसात चिकटले, ती अजून तिथेच आहे.

तुला दुकान गेल्याचं माहीत आहे. पुढचं कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत हे रोज सकाळी चहा करायचे, पहिला घोट घ्यायचे आणि मला विचारायचे की सपक लागतोय का. त्यांचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वासच उडाला होता. मी नाही म्हणायचे, पण मी पडले बायको.

असो. शनिवारी जुना बाजार पालथा घातला. तीन पुड्या पाठवते आहे, नंबर टाकलेत. दुकानांची नावं मुद्दाम लिहिली नाहीत, नाहीतर तू नाव बघूनच नाक मुरडशील.

तब्येत सांभाळ. लोभाचं काय ते तुझं तू बघ.

ठमी

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,

अ. आ. वि. वि. तुझ्या पत्रातला मजकूर तिन्ही पुड्यांपेक्षा कडक होता. त्यावर आत्ता लिहीत नाही. लिहिता येत नाही.

निकाल असे. एक नंबर : पानं कमी, काड्या जास्त, झाडू विकत घेतल्यासारखं वाटलं. दोन नंबर : रंग झटकन उतरतो, म्हणजे मालात रंग मिसळलाय. ओल्या कागदावर पानं टाकली की डाग पसरतो ते बघ. तीन नंबर : पान बरं आहे, पण जुनं. पाण्यात टाकलं तरी उलगडत नाही, रुसल्यासारखं घडी घालून बसतं. तिन्ही नापास. आणखी पाठव. तुझ्या पायांना त्रास होतो हे कळतं, पण पत्रं यायला लागली आहेत ते थांबवू नकोस.

तुझ्या रागासकट तुझा,

दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. सोबत चार आणि पाच. चार नंबर स्टेशनजवळच्या आंधळ्या म्हाताऱ्याकडचा. तो पानं चोळून कानाशी धरतो आणि आवाजावरून भाव सांगतो. पाच नंबर कुठून आणला ते आधी सांगणार नाही. किंमत तुझ्या पेन्शनीत सहज बसेल. पाणी उकळलं की गॅस बंद करून पानं टाक, चार मिनिटं झाकून ठेव, आणि जे वाटेल तेच लिही. एवढंच मागणं आहे.

ठमी

२ मार्च

चि. ठमीस,

अ. आ. वि. वि. चार नंबर साधारण. पाच नंबरबद्दल काय लिहू? झाकण काढलं आणि खोली वासाने भरून गेली. आधी ओल्या मातीसारखा, मग जरा मधासारखा. घोट गिळल्यावरही चव जिभेवर रेंगाळते. चाळीस वर्षांत एवढ्या कमी किमतीत इतका भरलेला चहा मी चाखला नाही. ज्याने हे मिश्रण जमवलं त्याच्या हाताला सलाम. आता मला दुसरा कुठलाही नको. हाच पाठव.

दादा

१० मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. बस, आणि मग वाच. पाच नंबर ह्यांचा आहे. ह्यांच्या वहीतलं प्रमाण, ह्यांनी सांगितलेली पानं, ह्यांच्याच चाळणीने चाळून मी जमवला. बावीस वर्षांपूर्वी तू सपक म्हणालास तोच चहा, तिळभर बदल नाही.

तुझं पत्र मी ह्यांच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. वेडी म्हणशील तर म्हण. मग रडले आणि मग तुझा भयंकर राग आला. हे वाक्य तू तेव्हा लिहिलं असतंस तर तो माणूस वजनकाट्याच्या केबिनमध्ये धूळ खात मेला नसता.

पण आता उशीर करणार नाही. आमच्या इमारतीखाली शिवणकामवालीच्या शेजारचा गाळा रिकामा आहे, त्याच्या मालकाला शब्द दिला. जूनमध्ये शाळेच्या नोकरीतून सुटले की माझा फंड त्यात घालणार. बोर्डावर तुझं वाक्य लिहून घेणार आहे, तुझ्या नावाने आणि हुद्द्याने. तेवढं तू ह्यांचं देणं लागतोस. नाही म्हणू नकोस.

ठमी

१८ मार्च

ती. स्व. आत्यास,

सा. न. वि. वि. मी तुला कधी पत्र लिहीत नाही, म्हणून आधी घाबरू नकोस. बाबा बरे आहेत. तुझं पत्र वाचल्यापासून जेवत मात्र नाहीत, आणि त्यांनी ते मला दाखवलं नसतं तर मीही गप्प बसले असते.

आत्या, बाबांना वास येत नाही. चवही जवळजवळ नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तापात गेली ती परत आलीच नाही. मागे एकदा दूध करपून भांडं काळं झालं, तेव्हा ते शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. कोणाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली आहे. तुझ्या पुड्यांचे निकाल ते पानांकडे आणि रंगाकडे बघून लिहायचे. चहा हे निमित्त होतं. तू कार्डावर दोन ओळींपलीकडे लिहीत नव्हतीस.

बाकीच्या पुड्या दुकानातून बांधून आलेल्या होत्या. पाच नंबरची तू स्वतः बांधलीस. दोरा नाही, डिंक नाही, टोक आत खोचलेलं आणि घडी डावीकडून. बाबांनी ती पुडी उलटसुलट करून घडी बघितली. मग म्हणाले की डावखुऱ्या माणसाची ही घडी आतोबांशिवाय कोणी घालत नसे, आणि तू ती त्यांच्याकडूनच शिकलीस. चहा केल्यावर मला विचारलं की वास कसा येतोय. मी म्हटलं, चहासारखा. पुढचं सगळं त्यांनी मनाने लिहिलं.

तू फंड घालणार नसतीस तर मी शपथ मोडली नसती. मला दूर लोटू नकोस.

तुझी भाची

२५ मार्च

ती. दादास,

मला सगळं कळलंय. पोरीला बोलू नकोस.

एकच विचारते. बावीस वर्षांपूर्वी तुझं नाक शाबूत होतं. तेव्हा तो चहा खरंच सपक होता का? जे असेल ते लिही.

ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

सपक नव्हता. त्या दिवशी टेबलावर अठरा कप होते, त्यांत तोच सगळ्यांत चांगला होता. कपांवर नुसते नंबर असतात, पण कोणाचा माल आलाय ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. चाखायला सुरुवात करायच्या आधीच साहेब सगळ्यांदेखत हसून म्हणाले होते की आज बघू, घरचं माणूस काय गुण उधळतं. पुढच्या महिन्यात मुख्य चाखणाऱ्याची जागा भरायची होती, आणि मेहुण्याची बाजू घेतल्याचा संशय मला परवडणार नव्हता. मी घोट घेतला, मला कळलं, मी थुंकलो, सपक म्हणालो आणि पुढच्या कपाकडे सरकलो. जागा मला मिळाली.

गेल्या महिन्यात तुला खोटं लिहिलं ते त्याची भरपाई म्हणून. जे तेव्हा बोलायचं होतं तेच लिहिलं. फक्त लिहिताना जिभेवर काही नव्हतं. माफी मागत नाही, कारण मागण्याजोगं तोंड उरलं नाही.

दादा

१५ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दहा दिवस पर्समध्ये घालून हिंडले. हे खरं मानलं, तर चहा चांगला होता आणि माझ्या भावाने एका खुर्चीसाठी माझ्या नवऱ्याला मातीत घातलं. खोटं मानलं, तर भाऊ निर्दोष, पण तू मला पुन्हा एकदा दयेपोटी गोड बोललास आणि चहा सपकच होता. एकदा खोटं लिहिलेल्या माणसाचा कबुलीजबाब खरा की खोटा, हे चाखून सांगणारा कोणी मला ठाऊक नाही. भाऊ आणि चहा दोन्ही हाताशी राहतील असं काही तू शिल्लक ठेवलं नाहीस.

काल खालच्या शिवणकामवालीला चहाला बोलावलं. पाच नंबरचाच केला, सांगितलं काही नाही. ती तिच्या मशीनच्या पट्ट्याबद्दल बोलत राहिली, चहाबद्दल चकार शब्द नाही. कप रिकामा झाला तेव्हा बोलता बोलताच पुढे केला, आणि मी भरला.

गाळा मी सोडलेला नाही. बोर्डावर तुझं वाक्य असणार नाही, फक्त ह्यांचं नाव. मी तुझं पत्र खरं मानायचं ठरवलं आहे. त्याचा अर्थ काय होतो ते तुला कळेल.

पोरीला येऊ दे, तिच्यावर माझी माया आहे तशीच आहे. तिच्याबरोबर चहा मात्र पाठवणार नाही. तुला तो लागायचा नाही, आणि तुझा निकाल आता मला नको. लोभ होता तो तुझ्या दोन पत्रांत संपला.

ठमी