गॉसहॉकची सीट

११ ऑक्टोबर, शुक्रवार
आज कारखान्यात माझ्या देहाचा साचा घेतला. गॉसहॉकची सीट मालकाच्या मापानेच ओततात. जगात अशा गाड्या फक्त चोवीस. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, पळवायची ती ट्रॅकवरच. पिशवीतल्या गरम फेसात बसवलं आणि तो घट्ट होईपर्यंत हलू नका म्हणाले. इंजिनियर टिब्स म्हणाला, सैल बसा, आहात तसे. मी पोट आत घेऊन श्वास रोखला. गाडी मिळणार एप्रिलमध्ये, तोवर मी बारीक झालेला असणार. आजच्या पोटाचा साचा द्यायला मी काय मूर्ख आहे?
बायकोला, हिलरीला, बोललो नाही.

१३ ऑक्टोबर
डाएट सुरू. ब्रेड, बिअर, पुडिंग बंद.
दुपारी: रोस्ट आणि पुडिंग. रविवार धरायचा नसतो.

२५ डिसेंबर
नाताळात डाएट करणारा माणूस घरच्यांचा वैरी. जानेवारीपासून कडक.

९ जानेवारी
चर्चपर्यंत पळालो. परतीच्या वाटेवर पब लागतो, त्याला माझा इलाज नाही.

२ मार्च
चैन पडत नाही. जेवता जेवता उठतो, गराज उघडून बघतो. रिकामं. बंद करतो, पुन्हा उघडतो. व्यायलेल्या... नव्हे, व्यायला आलेल्या गाईसारख्या येरझाऱ्या घालतोस, असं हिलरीचं म्हणणं.

३ एप्रिल
गाडी आली. हिरवीगार. हात लावायलासुद्धा भीती वाटते. टिब्स म्हणाला, बसून बघा. कंबर लचकलीय म्हणून सांगितलं.
तो गेल्यावर बसून पाहिलं. कमरेपर्यंत गेलो, पुढे अडलो. गराजातल्या ओलीने सीट आकसली असावी. हिलरीला तसं सांगितलं.
"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली.

१५ एप्रिल
तिसरा दिवस, नुसतं कोबीचं सूप. सुपाने पोट फुगतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

२५ एप्रिल
उद्या ट्रॅकवर मालकांचा मेळावा. पुस्तक उघडतो, मिटतो. सातव्या वर्षी याच ट्रॅकच्या कुंपणाबाहेर वडिलांच्या खांद्यावर बसलो होतो. एक फेरी मारीन म्हणालो होतो. ते हसले नव्हते. पन्नास वर्षं ती एक फेरी डोक्यातून जात नाही.

२६ एप्रिल, सकाळी
ट्रॅकवर सकाळी बेकन रोल न खाणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात. म्हणून दोन.

संध्याकाळी
टिब्सने आणि आणखी दोघांनी दाबून बसवलं. बसलो! पण इथला नियम असा की, आग लागली तर चालकाला आपलं आपण झटकन बाहेर पडता आलं पाहिजे. मार्शलबाई घड्याळ घेऊन उभ्या. या बाहेर, म्हणाल्या. मी जोर केला. उठलो.
सीटही उठली. पाठीला चिकटून.
कोणी हसलं नाही. सगळे एकदम आभाळाकडे बघू लागले. पाऊस येईलसं वाटतं, असं कोणीतरी म्हणालं. हसले असते तर बरं झालं असतं.
मला सीटमधून सोडवल्यावर टिब्सने ती पुन्हा गाडीत लावली आणि हळूच विचारलं, घरातलं दुसरं कोणी चालवेल? हिलरी बरोबर आलीच होती. मी रोखलेल्या श्वासाच्या मापात हिलरी चपखल बसली. एक फेरी म्हणून गेली, चार मारून आली. हेल्मेट काढलं तर डोळे भरलेले.
"डेस्मंड, तू इतकी वर्षं का तडफडत होतास, ते आज कळलं."
मला तिचा हेवा वाटला. फार वाटला. घरी येताना साच्याचं सगळं सांगून टाकलं.  ती म्हणाली, नवा साचा घेऊ.

९ मे
पुन्हा कारखाना. हिलरी बरोबर होती.
"या खेपेला श्वास सोड," तिने बजावलं आणि ती चहा घ्यायला गेली.
टिब्स म्हणाला, सैल बसा. बसलो. फेस गरम, छान वाटत होतं. मग विचार आला, पुढचा मेळावा सप्टेंबरमध्ये. मध्ये अख्खा उन्हाळा. उन्हाळ्यात माणूस सॅलडच तर खातो.
थोडासाच रोखला.