मागच्या चाकावरची जागा

२ डिसेंबर

आज पुन्हा फसली पिकअप. त्याच चढावर, त्याच जागी. हिवाळ्यात गव्हाले पाणी सोडतात, ते रस्त्यावर उतरते. वरून रातचं दव. काळी माती म्हणजे लोणीच. मागचं एक चाक गरगर फिरते, दुसरं नुसतं बसून पाहते. नात माझी, रोशनी, गाडी तीच चालवते. आतून ओरडली, "आजी, वजन दे वं!" मी मागं चढली, फिरणाऱ्या चाकाच्या बरोब्बर वर बसली. निघाली गाडी.

सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या अन् पालक, त्याले वजन कुठं असते? माझंच लागते. तीन हिवाळे झाले. रेतीचं पोतं ठेवून पाहिलं होतं, पण ते उचलाले दोन माणसं. मी आपली आपण चढते, अन् गोष्टी बी सांगते.

वर डांबरी लागली की मी समोर येऊन बसते. तिथून घरी पायी कोण येईल? म्हणून मंडीपर्यंत. म्हणून सुभद्रेची टपरी. म्हणून तर्री-पोहे.

सून वंदना लिहून राहिली अन् हसून राहिली. लिही वं, दात नंतर काढ.

४ डिसेंबर

आज माझ्या वजनानं बी नाही निघाली. ट्रॅक्टर बोलावला. मंडीत पोचलो तं बोली संपलेली, सांबार मऊ पडलेला. घरी आल्यावर रोशनी म्हणे, "व्यापारी म्हणाला, पोरगी गाडी चालवते तं असंच होईल. उद्यापासून दुसऱ्याचा माल घेतो म्हणे."

चाकाचा दोष अन् नाव पोरीचं! जेवण गेलं नाही मले. म्हणजे, एक भाकर कमी.

५ डिसेंबर

गाडी घेऊन कळमेश्वरले गॅरेजात गेलो. शकील मिस्त्रीनं गाडी मागून उचलून लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवली. "अम्मा, चक्का घुमाके देखो." मी डावं पुढं फिरवलं, तं उजवं मागं फिरलं! मी म्हणली, हे तं आमच्या घरातलं दिसते. रोशनीचा आबा असाच होता. मी पुढं निघाली की तो मागं.

दोन चाकांच्या मधात लोखंडाचा एक गोळा असते. आत दाते. जे चाक घसरते, त्याच्यातच सारा जोर वाया जाते. नवीन जो बसवतील त्याले बटन आहे. दाबलं की दोन्ही चाकं संगच फिरतील. नाव त्याचं हातभर लांब. वंदनाले म्हटलं, नुसतं डि. लिही.

शकील म्हणे, "अब अम्मा को पीछे बिठाने की जरूरत नहीं."

सगळे हसले. मी बी हसली.

६ डिसेंबर

विहारात जाऊन आलो. मेणबत्त्या लावल्या. आज गाडीचं नाव काढायचं नाही असं मीच सांगितलं होतं. येताना मीच काढलं. डि. कधी बसते?

"मंगळवारी. काहून, घाई आहे काय आजी?"

मले काय घाई.

९ डिसेंबर

बसला डि. जुनं तेल काढलं तं नुसतं काजळ. समोर, स्टेअरिंगजवळ, बारका लाल दिवा लावून दिला. बटन दाबलं की लागते. शकीलनं रोशनीले दोनदा बजावलं, चिखलातच दाबायचं, डांबरीवर बंद. मी बी ध्यानात ठेवलं.

बटन दाबून पुन्हा चाक फिरवलं. डावं पुढं, उजवं बी पुढं! दहा वेळा फिरवून पाहिलं. "अम्मा, चाय ठंडी हो रही." होऊ दे गा. इतकं मन मिळून फिरताना मी कोणाले पाहिलं नाही.

१० डिसेंबर

स्वेटर, शाल, कानाले फडकं. चढाच्या खाली उभी राहिली, नेहमीसारखी. रोशनी आली. लाल दिवा लागला. गाडी गुरगुरली अन् सरळ वर! थांबलीच नाही. मी चिखलात उभी राहून टाळ्या वाजवून राहिली. वाजवता वाजवता ध्यानात आलं, मी तं खालीच.

वरून दोनदा हॉर्न दिला पोरीनं. खुशीचा. अन् गेली.

घरी आली तं वंदना म्हणे, "आई, तुम्ही इथं कशा?"

चालत.

१२ डिसेंबर

रोज वेळेवर. पहिली बोली आपल्या मालाची. तोच व्यापारी आता ताई-ताई करते. रोशनी सांगून राहिली अन् भाकरीवर भाकर खाऊन राहिली. तिले तसं पाहून पोट भरते माझं.

मले म्हणते, "आजी, थंडीत तू कशाले उठते आता? झोप निवांत." मायेनंच म्हणते. मंग मी कोणत्या तोंडानं म्हणू, मले ने? वजन होती तवा काम होतं. नुसतं पोहे खायाले जाणं म्हणजे...

सुभद्रेनं विचारलं म्हणे, म्हातारी गेली काय? मी म्हणली, सांग तिले, रिटायर झाली.

पहाटे जाग येतेच. उठून बसते, गाडीचा आवाज ऐकते. वंदना, हे लिहू नको.

१५ डिसेंबर

अंगणात दात घासून राहिली होती, तं चढाकडून रोशनीची हाक. "आजी, फसली वं! वजन दे लवकर!"

धावली. माझ्या वयाच्या मानानं धावली. चाक फिरून राहिलं होतं, एकच. मी म्हणली, नवा गोळा आठ दिवसांत बिघडला? म्हणे, "काय माहीत. चढ ना!"

मागं चढताना काचेतून आत पाहिलं. लाल दिवा बंद.

मी चढली. बसली माझ्या जागेवर. गाडी निघाली. वर डांबरीवर समोरचं दार तिनं उघडलं, सीटवर माझी दुसरी शाल घडी करून ठेवलेली.

सुभद्रेनं तर्री दोनदा वाढली. शिव्या तीनदा.

आता वंदनाले विचारलं, ही वही कोणाले वाचून दाखवली काय? "नाही," म्हणे. मान वर नाही केली तिनं.

दिवा बंद होता हे मी रोशनीले बोलली नाही. तू बी बोलू नको, वंदना. लिही फक्त.