परतीचे बाण

२० फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार, छोटीला गोड पापा. इकडे सगळं ठीक. आईही ठीक आहे, तिच्याबद्दल ओघात येईलच.

आधी माझी बातमी. आम्ही जिंकलो! राजाच्या वाटेवर आता परतीचेही बाण रंगवायचे, असं वाट समितीने गेल्या आठवड्यात ठरवलं. आणि रंगवणार कोण? आधीचे रंगवते तीच, तुझी बहीण! कागदावर पिवळा डाग दिसेल, तो माझ्या अंगठ्याचा. हात धुऊनही रंग जात नाही, आणि खरं सांगू, जाऊही नये असं वाटतंय.

तुला आमची गंमत ठाऊक नसेल. राजा तुमच्या शहरातून लढाईला निघाला आणि आमच्या गावाबाहेर लढाईत मारला गेला, तो परत गेलाच नाही. म्हणून बाणही फक्त तिकडून इकडे. वाटसरू ज्या बाजूने येतो, दगडाच्या त्या तोंडावर मुकुट आणि बाण. मागून पाहावं तर नुसता कोरा दगड. लोक तुमच्याकडून चालत येतात, आमच्या मुक्कामघरात गरम पाण्यात पाय सोडून बसतात आणि बसने परत जातात. समितीचे अध्यक्ष इतिहासाचे प्राध्यापक. माणूस लाखमोलाचा, पण याबाबतीत हटून बसलेले. "जो राजा परतला नाही, त्याला मी कसा परत पाठवू?"

मग परतीचे बाण मागितले कोणी? वाटसरूंनी, असं मी गावभर सांगितलंय. तुला खरं सांगते. आईने.

मागच्या महिन्यात एका सकाळी आई गायब. काठी गायब, बाबांची खांद्यावरची पिशवीही गायब. मी विहिरीपर्यंत धुंडाळून आले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि संध्याकाळी बाईसाहेब विटांच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून हजर!

"कुठे गेली होतीस?"

"तुझे बाण तपासायला. नीट रंगवत जा जरा."

चोराच्या उलट्या बोंबा. टेम्पोवाल्याने नंतर सांगितलं. ती उलटी चालली होती. दगड ओलांडायचा, मागे वळून मुकुट दिसतो का बघायचं, दिसला की पुढे. सरळ वाटेवर युक्ती चालली. तिठ्यावर मात्र दोन्हीकडे दगड, दोन्ही कोरे. आई चुकीच्या वाटेला लागली आणि पुढच्यावर तरी मुकुट दिसेल म्हणून दर दगडापाशी मान वळवत थेट वीटभट्टीवर पोचली. मान आखडली ती वेगळीच.

उलटी म्हणजे कुणाच्या दिशेने, ते तुला कळलंच असेल.

तुझ्या लग्नाच्या वेळी ती म्हणाली, "या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस." तू म्हणालीस, "तूच आधी येशील माझ्या दारात." तेव्हापासून दोघी दोन टोकांना ठाण मांडून. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं! बसने का नाही गेली? अगं, बसने गेली असती तर ती तुझ्याकडे गेली असं झालं असतं. चालत गेली की वाट तपासायला गेली. मला फार राग आला तिचा, आणि रडूही आलं.

मग समितीच्या बैठकीत ती न बोलावता जाऊन बसली. अध्यक्षांनी तेच पालुपद लावल्यावर उठली.

"राजा पडला, कबूल. त्याचं सैन्य कुठे गेलं?"

"परत गेलं, आजी."

"कुठल्या वाटेनं?"

"याच."

"मग? त्यांची बायकापोरं वाट बघत असतील की नाही? एक माणूस परतला नाही म्हणून बाकीच्यांनी इथंच बसून राहायचं का?"

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. कुणाला काही कळलं नाही, मला कळलं. अध्यक्ष मात्र एकदम खुलले. राजाचा मुकुट सैनिकांनी याच वाटेने त्याच्या लेकीकडे नेला, असं ते उभं राहूनच सांगायला लागले. सगळे हात वर! घरी येताना आई अशी चालत होती, जणू लढाई तिनेच मारली.

आता जे इतका वेळ लिहायचं टाळत होते ते लिहिते. हे पत्र घरून लिहीत नाहीये. हा पहिला मुक्काम आहे. मी पुढे दगड रंगवत चालते, आई मागून येते. तिच्या चालीला माझा हात बरोबर पुरतो. आत्ता ती शेजारच्या खाटेवर पाय वर करून बसलीय आणि कालचा एक बाण वाकडा आला म्हणून मला फैलावर घेतेय. गुडघे सुजलेत, पण बसचं नाव काढलं की अंगावर येते. पिशवीत छोटीसाठी विणलेला स्वेटर आहे. मापाचा अंदाज नाही म्हणून तीनदा उसवला. मी तो पाहिलाच नाही, असं आमचं ठरलंय.

पत्र आमच्या आधी पोचेल, म्हणून एवढंच मागते. ती दारात उभी राहिली की कशाला आलीस विचारू नकोस. तू जिंकलीस, ताई, ते मी तुला लिहून देते. पण तिला ते दाखवू नकोस. दार तेवढं उघडं ठेव.

तुमच्या दोघींचीही,
धाकटी