तोंड सोडून

१२ डिसेंबर, गुरुवार
आजही सगळे फोटो पांढरेफटक. दादाला पुण्याला फोन केला. तो हसला. "अगं, काल संध्याकाळी केलेलं सेटिंग तसंच ठेवून उन्हात गेलीस. बदलायचं असतं ते." हे भाऊबीजेच्या ओवाळणीत कॅमेरा देताना सांगायला काय झालं होतं? स्वतः नवा घेतला, जुना माझ्या गळ्यात.
तरी एक बरा आलाय. विहिरीवरच्या पाइपातून गळणारं पाणी आणि खाली चोच वर करून बसलेली साळुंकी. पंचेचाळिसाव्या वर्षी मला साळुंकीचं कौतुक. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "पाइप बदलायला झालाय."

१५ डिसेंबर, रविवार
शेजारची मंगल दोरीवर धुणं घालत होती. तोंडात दोन चिमटे, खांद्यावर ओली चादर, मागून ऊन. काढला. आवाज ऐकून वळली, "थांब की बाई, साडी तरी बदलू दे!" गेली ती गेलीच. बाहेर आली ती लग्नातल्या साडीत, केसांत आबोली, आणि दोरीशेजारी पोलिसासारखी ताठ उभी. तोही काढला.
दोन्ही दाखवले. चिमट्यांचा बघून म्हणाली, "अगं बया, ह्यो कुणाला दाखवू नको." सं. पुन्हा आली. "तो चिमट्यांचा बघू जरा." आणि मग जाताना परत एकदा.

१७ डिसेंबर
वस्तीवर आता सगळ्यांना कॅमेऱ्याची सवय झालीय, अण्णा सोडून. मी अंगणात आले की खाटेवर भिंतीकडे तोंड करून वळतात. सासरे आहेत, बोलायची सोय नाही. आणि बोलणार काय?
जूनमध्ये लकव्याचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले थोडक्यात निभावलं. खरंच निभावलं. चालतात, बोलतात, गुरांचं बघतात. डाव्या हाताला जोर नाही आणि तोंडाची डावी बाजू उतरलीय तेवढी. त्यांना स्वतःला ते इतकं दिसत नव्हतं. दसऱ्याला गावात सगळ्यांचा मिळून फोटो काढला, तो मोबाईलवर घरोघर आला. ह्यांनी कौतुकाने पुढे केला. अण्णा बघत राहिले. "ह्यो मी?" एवढंच.
त्या दिवसापासून चौकातल्या हॉटेलात जाणं बंद. चाळीस वर्षांची सकाळची बैठक. आता बन्सीतात्याच येतात इकडे, अण्णांचे दोस्त, रोज चहाला.

२२ डिसेंबर, रविवार
आमच्या ऋतूचं लग्न ठरलं! मुलाकडचे श्रीगोंद्याचे. मुलगा नगरलाच एमआयडीसीत. ऋतू कामाला आहे तो दवाखाना आणि त्याची कंपनी, दोन्ही तिथेच, म्हणजे पोरीची नोकरी सुटणार नाही. साखरपुडा २ फेब्रु., इथे कर्जतला, कार्यालयात.
पाव्हणे गेल्यावर अण्णा म्हणाले, "लई चांगलं झालं. तुमी समदे जा. मी घरी थांबतो, गुरं हायेत."
हे भडकले. "गुरं काय पळून चाललीत का? नातीचा साखरपुडा हाय."
"तिथं फोटोवाले आसत्यात."
ऋतू आत गेली. मी कपबशा उचलल्या.

२५ डिसेंबर
रेहेकुरीला काळवीट बघायला आलेली मंडळी रस्त्यावर चहाला थांबली होती. हातभर लांब लेन्सा. माझा कॅमेरा मी पदराखाली घेतला. तरी एका बाईंना दिसला. चाळिशीच्या असतील, मफलर गुंडाळलेला. "काय काढता तुम्ही?" म्हटलं, "घरातलंच. अंगण, गुरं, माणसं." मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, "काळवीट उभं तरी राहतं. घरातली माणसं राहतात का?"
रस्ताभर तेच डोक्यात.

२८ डिसेंबर
सासूबाईंचा भिंतीवरचा फोटो पुसताना नीट बघितला. दुसऱ्याच कुणाच्या लग्नातला घोळका, त्यातून त्यांचं तोंड कापून मोठं केलेलं. कानाशी कुणाचा तरी फेटा आलाय. डोळे नुसते दोन काळे ठिपके. बत्तीस वर्षं या घरात राबल्या आणि
असो.
दु. अण्णा वाखाचं दावं वळत बसले होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात, उजव्या हाताने पीळ. धीर करून विचारलं, "अण्णा, हातांचा काढू का? नुसत्या हातांचा."
"हातात काय हाय?"
"मला आवडेल."
बराच वेळ दावं वळत राहिले. मग म्हणाले, "तोंड न्हाई आलं पायजे."
"नाही येणार."
"बघ हां."
काढला. लगेच दाखवला, तोंड नाही हे त्यांना दिसावं म्हणून. चष्मा लावून बघितला. "अंगठ्याला भेग पडलीया. कोकम लावाया पायजे." आणि परत कामाला.

३ जानेवारी
रोज एक. हात झाले, पाय झाले, मुंडासं झालं (मागून). काल गोठ्याच्या दारात उभे, पाठमोरे. बघून म्हणाले, "येवढी वाकली का माझी पाठ?" मला वाटलं संपलं आता. पण नाही. आज स. स्वतःच हाक. "सुरेखा, ये. गोठ्यात ऊन आलंय बघ कसं, कवाडाच्या फटीतून. धा मिन्टात जाईल."
खरंच गेलं असतं. धुळीत उन्हाच्या पट्ट्या आणि गायीच्या पाठीवर त्यांचा हात. आतापर्यंतचा सगळ्यात चांगला.
साखरपुड्याचं मात्र तेच. गुरं हायेत.

११ जानेवारी, शनिवार
हुरडा. रानात आगटी पेटवली. आम्ही दोघं, अण्णा, तात्या, मंगलच्या घरचे. कणसं भाजून तात्या अण्णांच्या तळव्यावर देत होते, अण्णा एका हाताने जमेल तसं चोळत होते. मी त्या हातांवरच कॅमेरा धरला होता.
तात्यांनी मध्येच जुनं काढलं. दोघं तरणे असताना राशीनच्या बाजारातून म्हैस आणली ती वाटेत तळ्यात जाऊन बसली, आणि हे दोघं काठावर अंधार पडेपर्यंत तिला हाका मारत होते. "नावानं हाक मार म्हनला मला! नाव कुनाला ठावं हुतं तिचं?"
अण्णा हसले. जूनपासून असे हसले नव्हते. मी मान वर केली, कॅमेरा माझ्याबरोबर वर आला आणि बोट दाबलं गेलं. ठरवून नाही. पण दाबलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
घरी येऊन बघितला. सगळं तोंड. डोळे मिटत आलेले, एक गाल वर, एक खाली, ओठावर हुरड्याचा दाणा. धूर मागे. वाकडं आहे तोंड, आहेच. पण हसू सरळ आहे, असं काहीतरी. मला लिहिता येत नाही.

१२ जाने.
ह्यांना दाखवला. डोळे भरले होते बहुतेक. मग म्हणाले, "ठेव. अण्णांना सांगू नको. नंतर मोठा करून लावू."
"नंतर म्हणजे कधी?"
हे उठून चौकातल्या आपल्या दुकानात गेले.

१४ जानेवारी, संक्रांत
पुरणपोळ्या आटोपून, हात धुऊन अण्णांच्या खाटेजवळ गेले. दोन दिवस त्यांच्याकडे बघवत नव्हतं. म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी रानात चुकून तोंड आलं."
अण्णांनी हात पुढे केला. चष्मा लावला. कॅमेरा मांडीवर ठेवून बघितलं. किती वेळ बघितलं! मी मनात म्हणत होते, आता म्हणतील, आता म्हणतील ठेव.
"पूस."
"अण्णा, चांगला आलाय हो. खरंच. ह्यांनाही—"
"तोंड न्हाई, असं ठरलं हुतं."
"हो."
"मग पूस. माज्यासमोर."
पुसला. त्याच्या जागी गोठ्यातला आला.
अण्णांनी कॅमेरा परत माझ्या हातात दिला, हळूच, तान्हं मूल देतात तसा. तिळगूळ द्यायचा राहिलाच.

१५ जाने.
ह्यांनी बोलणं टाकलंय. "इचारायचं काय व्हतं? आईचा धड फोटू न्हाई आपल्याकडं, आता अण्णांचाबी न्हाई."
दु. दादाचा फोन. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रडू नकोस, पुसलेला परत मिळतो. तेवढं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. फक्त त्या कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नकोस, नवे भरले की जुना कायमचा जातो. कार्ड मला पाठव."
कार्ड काढून डबीत ठेवलं. डबी कपाटात.

१६ जाने.
रात्रभर नाही, पण पहाटेपासून जागी. कुणाला कळणार होतं? अण्णांना तर कधीच नाही. दादाने काढून दिला असता, ह्यांनी मोठा करून घेतला असता, आणि मग एक दिवस भिंतीवर. तेव्हा बघायला अण्णा नसते. सोपं होतं.
पण ते मला हाक मारतात. ऊन आलंय म्हणून. ती हाक मी कोणत्या तोंडाने ऐकली असती?
स. कार्ड परत घातलं. आणि काढत सुटले. चूल, चुलीतला धूर, शेळी, शेळीचे कान, मंगलचा बंब, भिंत, भिंतीची सावली, माझेच पाय. दिसेल ते. आधीचे चांगले फोटो तेवढे ऋतूच्या लॅपटॉपवर होते, बाकी पुसून परत भरलं. कॅमेरा म्हणाला जागा नाही, तेव्हा थांबले. ओट्यावर बसून मग पोटभर रडले.
अण्णा गोठ्यातून बघत होते. "शेळीचं येवढं काय काढती?" म्हणाले.
सं. जेवताना ह्यांना सांगितलं, दादा काय म्हणाला होता आणि मी काय केलं ते. हळूच सांगितलं, पण अण्णांचं ताट शेजारीच. ह्यांनी भाकरी मोडली, खाल्ली नाही. मग म्हणाले, "बरं." रागाने नाही.
अण्णा ताटावरून उठले नाहीत बराच वेळ.

२० जानेवारी
चार दिवस हाक नाही. मीही कॅमेरा काढला नाही. आज दावणीपाशी शेण काढत होते, मागून आवाज.
"त्या फोटोत बन्सी हुता का?"
"त्यांचा खांदा होता."
"मी काय करत हुतो?"
"हसत होतात."
"कशावर?"
"तळ्यातल्या म्हशीवर."
"हं." गायीच्या मानेवरून हात फिरवत उभे राहिले. "लई नालायक म्हैस हुती."

२६ जाने.
अण्णा तात्यांबरोबर चौकात गेले! झेंडावंदनाला म्हणून गेले आणि हॉटेलात बसून आले. हे दुकानातून बघायला गेले होते, लांबून. बशीत चहा ओतून उजव्या अंगाने पीत होते म्हणे. थोडा सांडला. तात्यांनी उपरणं पुढे केलं, अण्णांनी पुसलं, बोलणं चालूच.
ह्यांनी नुसतं धोतर इस्त्रीला दिलं, अण्णांना ऐकू जाईल असं सांगत. "दोन तारखेला लागंल."

२ फेब्रुवारी, रविवार
दमलेय, थोडक्यात लिहिते. सगळं छान झालं. पोळ्या पुरल्या, जावई लाजरा, ऋतू सुंदर.
अण्णा आले. गुरांना मंगलचा नवरा थांबला. अण्णा शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, डावी बाजू खांबाकडे करून. फोटोवाला स्टेजवरून ओरडत होता, "आजोबांना आणा, आजोबांना!" हे उठले, मी ह्यांचा हात धरला, नको म्हणून.
मग ऋतूच स्टेजवरून उतरली. हिरवा शालू सावरत सगळ्या खुर्च्यांमधून मागे गेली आणि अण्णांच्या शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. फोटोवाला मागोमाग धावला. अण्णांनी त्याला हात केला, थांब. भोवती बघत होते. माझ्यावर नजर थांबली.
"कॅमेरा आणलाय का?"
आणला होता. पिशवीत, ओटीच्या नारळांखाली.
"तू काढ. एकच."
"तोंड येईल, अण्णा."
"ठाव हाय मला."
एकच काढला. हलला असेल तर माहीत नाही. बघितला नाही मी. आधी त्यांनी बघायचा.

३ फेब्रु.
पाव्हणे गेले. ऋतू सकाळच्या गाडीने नगरला. घर एकदम मोकळं.
दहाच्या सुमारास अण्णांनी कॅमेरा मागितला. चालू करून दिला. म्हणाले, "पुढचा-मागचा बघायचं बटन कंचं?" दाखवलं. "आन् पुसायचं?"
तेही दाखवलं. कॅमेरा दोनदा विचारतो, म्हटलं, नक्की का म्हणून, मग पुसतो.
"बरं. तू जा, तुझं काम कर."
मी चुलीपाशी आहे. दारातून त्यांची पाठ दिसतेय. खाट उन्हात ओढून घेतलीय, कॅमेरा मांडीवर, मान खाली. मघापासून हललेले नाहीत. तात्या चहाला आले, त्यांनाही हाताने थांब म्हणाले. तात्या कडेला उभे आहेत, चपला न काढता.
भाकरी करपतेय. उलटते.