दादाची जागा

४ फेब्रुवारी
ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आठवड्यात हे तिसरं गाव. बॅग उघडायचा कंटाळा येतो, खोलीत बसवत नाही आणि बाहेरही जावंसं वाटत नाही. दादानं माझं नाव भिंगरी ठेवलं, ते काही उगाच नाही.

तिसऱ्या गाण्यात दादाच्या ट्रम्पेटची जागा येते. मी बाजूला होते, मागे ड्रम हळू चालू राहतो आणि ती जागा रिकामी जाते. दादा जिन्यावरून पडला, समोरचे दात गेले, तेव्हापासून हे असंच. लोकांना वाटतं, कुणीतरी वाजवायला विसरलं. बँड दादानं उभा केला. गाण्याबरोबर तो चालवायचंही त्यानंच माझ्या गळ्यात मारलं. मग त्याची जागा मी दुसऱ्याला कशी देऊ? पण मॅनेजर हटून बसलाय. पंधरा तारखेला रेडिओवर आमचा जाझचा कार्यक्रम थेट जायचाय, तिथे मुकी जागा चालणार नाही म्हणतो. माझ्या पत्रांना दादा उत्तरच देत नाही. येणार की नाही, एवढंच विचारून कळव.

तुझा लोभ आहेच, तो थोडा दादालाही शिकव.
भिंगरी

९ फेब्रुवारी
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नवे दात बसले. बोलताना शिट्टी वाजते म्हणून स्वारी गप्प असते. तशी कधी बडबडी होती म्हणा! तुझं पत्र टेबलावर पडू देतात आणि मी स्वयंपाकघरात गेले की चष्मा लावून वाचतात. काल सरळ विचारलं. म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. संध्याकाळी फिरायला जातात ते अगदी दमून येतात. मी तरी किती डोकेफोड करू?

उपाशीपोटी चहा ढोसू नकोस. माया आहे तशी राहू दे.
वहिनी

१३ फेब्रुवारी
ती. वहिनीस सा. न.

दादानं अंग काढून घेतलं, कळलं. सर्कशीत वाजवणारा एक माणूस घेतलाय, पंधराला तोच वाजवेल. तालमीत उगाच ड्रमवाल्यावर खेकसले, मग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. दादाला रेडिओ लावू देऊ नकोस.

तू तरी मला टाकू नकोस.
भिंगरी

१६ फेब्रुवारी
चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हाती पडलं. कालच मिळतं तर! काल कळलं, फिरायला म्हणून हे रोज कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत जाऊन वाजवत होते. दातांचा भरवसा नव्हता, म्हणून कुणाला पत्ता लागू दिला नाही. काल ट्रम्पेट घेऊन रेडिओपुढे बसले. तू ती जागा दुसऱ्या कुणाला देणार नाहीस ही यांची खात्री, म्हणून ती रिकामी जागा आली की घरून भरायची, असा बेत. तू गाता गाता थांबलीस, यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं, आणि रेडिओतून दुसऱ्याच कुणाचं वाजायला लागलं. मला यांच्या तोंडाकडे बघवेना. तुझा रागही आला गं.

मग तू शेवटचं कडवं उचललंस आणि तुझा आवाज कापरा झाला. हे म्हणाले, भिंगरी रडतेय. आणि तुझ्या आवाजाखाली हळूच वाजवायला लागले ते गाणं संपेपर्यंत. दात एकदा निसटला, तरी थांबले नाहीत.

सकाळपासून बॅग भरणं चाललंय. खाली दोन ओळी स्वतः लिहिणार म्हणतात. यांना सांभाळ, आणि मला विसरू नका दोघं.
वहिनी

भिंगरे, सर्कसवाल्याला काढू नकोस. सगळी जागा आता मला झेपायची नाही, अर्धी त्याची. भलत्याच ठिकाणी श्वास घेतो तो. आल्यावर सांगतो.
दादा